एका नावाच्या दोन ओळी

याद्या करणे हे वकिलाच्या पाचवीलाच पुजलेले असते. वारसांची यादी, साक्षीदारांची यादी, दाखल केलेल्या कागदांची यादी. वीस वर्षांच्या व्यवसायात आम्ही युक्तिवाद जेवढे केले नसतील तेवढ्या याद्या केल्या. म्हणून आमच्या देवस्थानच्या समितीने महाजनांच्या दोन याद्या एकत्र करून त्यांची एक सुबक, अकारविल्हे यादी करून देण्याचे काम सोपविले, तेव्हा आम्ही ते हसत पत्करले. संगणक घरी होता, वर्डवर लिहिण्याचा सराव होता, आणि ‘सॉर्ट’ नावाचे बटण दाबले की नावे आपोआप ओळीने उभी राहतात, एवढे ज्ञानही आम्हांस होते. याहून अधिक ज्ञानाची गरज पडेल असे त्या वेळी वाटले नव्हते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. आमच्याकडे देवस्थानचा महाजन म्हणजे नुसता भाविक नव्हे. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांची जी नियमावली झाली, ती १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे कायम ठेवले, त्यांत तीही आली. तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक, आणि दर तीन वर्षांनी समिती निवडावयाची ती महाजनांनी. महाजन कोण, हे ठरते ते महाजनांच्या नोंदपुस्तकावरून. नाव आहे तर मत आहे. नाव नसेल तर सात पिढ्यांची सेवा सांगत बसलात तरी निवडणुकीच्या मेजावर बसलेला माणूस मान वर करून पाहणार नाही, आणि त्याचे चुकले असेही म्हणता यावयाचे नाही.

तर याद्या दोन. पहिली देवस्थानच्या कचेरीतली. तिच्यात तीन पायऱ्या: आधी वांगड, वांगडाखाली आडनाव, आडनावाखाली एकेका महाजनाचे नाव, पित्याच्या नावासह. दुसरी बेळगावहून आलेली. तिकडे स्थायिक झालेल्या आमच्या कुळांनी आपापली नावे गोळा करून पाठविली होती; शहापुरातली घरे एकीकडे, टिळकवाडीतली दुसरीकडे, आणि प्रत्येक घराखाली माणसे. तिच्यात वांगडांचा उल्लेख कोठे होता, कोठे नव्हता. या दोहोंच्या पाठीशी जुने पोर्तुगीज नोंदपुस्तक. पोर्तुगीज रिवाजाप्रमाणे ते आडनावाने नव्हे तर पाळण्यातल्या नावाने लावलेले. ‘के’ या अक्षराला पोर्तुगीज लेखनात जवळजवळ थारा नसल्यामुळे त्यात केशव सापडतो ‘क्यू’खाली, कृष्ण ‘सी’खाली, आणि शिवराम, शांताराम ही मंडळी ‘एक्स’च्या घरात नांदतात. एकाच आईचे दोन मुलगे, एक केशव नि एक कृष्ण, पुस्तकाच्या दोन टोकांना!

आम्ही पहिल्या यादीखाली दुसरी चिकटविली, सगळा मजकूर निवडला आणि बटण दाबले. पुढे जे झाले ते यादीत पायऱ्या असतात हे विसरणाऱ्या प्रत्येकाचे होते. यंत्राच्या दृष्टीने वांगड ही एक ओळ, आडनाव ही एक ओळ, माणूस ही एक ओळ. कोण कोणाच्या छपराखाली बसला आहे हे ते पाहत नाही. पहिले अक्षर तेवढे पाहते. क्षणार्धात सारी घरे मोडली. अनंत नावाचे सगळे महाजन आरंभी एका ठिकाणी दाटीवाटीने उभे, त्यांची आडनावे दूर कोठेतरी, आणि वांगडांची नावे माणसांच्या गर्दीत हरवलेली. कोणता अनंत कोणत्या घरचा, हे त्या कागदावरून साक्षात कुलदेवतेलाही सांगता आले नसते. मूळ प्रत बाजूला ठेवण्याची बुद्धी झाली होती म्हणून निभावले.

बेळगावच्या यादीत आणखी एक गंमत दिसली. ती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली होती. तशा फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे असतात. आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठविलेली असते. तेव्हा ती यादी क्रमाने लावताच गिरिधर, विठ्ठल, निळकंठ, शिवराम ही सारी नावे एका ठिकाणी आली. त्यांना जोडणारा धागा एकच, ती पहिली वेलांटी. ती यादी आधी युनिकोडमध्ये आणावी लागली.

आणली, तरी अकारविल्हे म्हणजे कोणाचे अकारविल्हे हा प्रश्न उरलाच. आम्ही शाळेत जी वर्णमाला घोकली तिच्यात ळ, क्ष, ज्ञ हे हकारानंतर, अगदी शेवटी. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची जी मांडणी आली, ती इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या धर्तीवर. तीत ळ हा ल च्या शेजारी बसला, आणि क्ष म्हणजे नुसता क ला जोडलेला ष. क्रम लावताना कोणत्या भाषेचा नियम पाळावा हे यंत्राला सांगण्याची सोय असते, पण ती शोधीपर्यंत आमचे केळेकर केसरकरांच्या पुढे जाऊन बसले होते. त्याहून त्रास दिला तो अनुस्वाराने. एका यादीत ‘पंडित’, दुसरीत ‘पण्डित’. उच्चार एक, घर एक. पण पहिले पकाराच्या अगदी आरंभी, तर दुसरे पणजीकरांच्याही खाली. यंत्राला असे लेखनभेद कळत नाहीत. ते माणसाने आधी एकसारखे करून घ्यावे लागतात, आणि हे काम क्रम लावण्याच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे.

अखेर एका तरुण स्नेह्याने मार्ग दाखविला. एक मार्ग असा की वांगड आणि आडनाव यांना मथळ्यांचे स्वरूप द्यावे, आउटलाइनमध्ये त्यांच्याखालील मजकूर मिटून घ्यावा, आणि मग क्रम लावावा. म्हणजे मथळा हलला की त्याची माणसेही त्याच्याबरोबर हलतात. एका यादीपुरता हा उपाय नामी. परंतु दोन याद्या मिळवावयाच्या तर एकाच आडनावाचे दोन मथळे उरतात. म्हणून दुसरा मार्ग धरला: टेबल करावे, आणि प्रत्येक माणसाच्या ओळीत त्याचे वांगड आणि आडनाव पुन्हा पुन्हा लिहावे. वर्ड एका वेळी तीन स्तंभांवरून क्रम लावून देते. आधी वांगड, मग आडनाव, मग नाव. आमच्या पायऱ्याही तीनच. प्रत्येकाने आपले घर आपल्याच खांद्यावर वाहिले म्हणजे गर्दीत कितीही ढकलले गेले तरी ते घर सुटत नाही. बेळगावच्या ज्या ओळींना वांगड नव्हता, त्यांचा जुन्या पुस्तकातून शोध घेण्यात दोन महिने गेले. कामातला खरा आनंद मात्र तेथेच होता.

वांगडांचा क्रम लावण्यात आम्ही पुन्हा फसलो. मसुदा पाहावयास आलेले एक ऐंशी ओलांडलेले वयोवृद्ध महाजन चष्मा पुसून म्हणाले, “वकील बाब, आमचो वांगड खंय गेलो?” त्यांचा वांगड मानाने पहिला, पालखीला पहिला खांदा त्यांचा. अकारविल्हेत तो नववा झाला होता. त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. वांगडांचा क्रम हा अक्षरांचा नव्हेच, तो मानाचा. मग वांगडांना आकडे घातले, तर १०, ११ आणि १२ हे वांगड १ च्या मागोमाग, २ च्या आधी येऊन उभे राहिले. कारण आकड्यांनाही आमच्या यंत्राने अक्षरेच मानले. ०१, ०२ असे लिहिले तेव्हा कोठे पालखी सरळ चालली.

आता राहिले होते ते दुहेरी नावे काढणे. दोन्ही याद्यांत असलेली माणसे एकापाठोपाठ एक आली होती. त्यांतली एक ओळ खोडावयाची. हे आम्ही स्वतः केले, रात्री, चहा घेत, आणि सांगावयास लाज वाटते, मोठ्या झपाट्याने.

निवडणुकीच्या दिवशी बेळगावहून एक तरुण गृहस्थ रात्रीच्या गाडीने आले. त्यांचे खरे नाव येथे देत नाही. रामनाथ विष्णू असे धरू. देवदर्शन करून ते मेजापाशी गेले, आणि यादीत नाव नाही असे ऐकून परत फिरले. कोणीतरी आमच्याकडे बोट दाखविले. ते आले आणि शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, माझ्या आजोबांचेही नाव रामनाथ विष्णूच. वारले ते आजोबा. मी कसा गेलो?”

आम्हांस उत्तर सुचेना, कारण काय झाले ते त्याच क्षणी डोळ्यांपुढे उभे राहिले. आजाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. रामनाथाचा विष्णू, विष्णूचा पुन्हा रामनाथ. वांगड तोच, आडनाव तेच, पित्याचे नावही तेच. देवस्थानच्या यादीत आजोबा होते, बेळगावच्या यादीत नातू. दोन ओळी अक्षरशः सारख्या, म्हणून आम्ही एक खोडली. पुढे समितीने दिवंगत महाजनांची नावे कमी केली, तेव्हा उरलेली ओळही गेली. वारसाचे दावे चालविणाऱ्या, न्यायालयात प्रतिपक्षाला “कोणता रामनाथ?” म्हणून पेचात पकडणाऱ्या माणसाने हे करावे! जन्मसालाचा एक स्तंभ घातला असता तर हे घडते ना. तो आम्ही घातला नाही, कारण क्रम लावावयास त्याची गरज नव्हती आणि कागदाची रुंदी पुरत नव्हती.

त्यांच्या एका मताने निकाल फिरला नसता. तसे आमच्या एका सहकाऱ्याने त्यांना सांगितलेही. ते नुसते हसले. मागाहून ओट्यावर बसून बोलताना कळले की गोव्यात त्यांची जमीन नाही, घर नाही. मूळ गावातले घर कोठे होते हेही आता कोणी दाखवू शकत नाही. वडिलांनी मरण्यापूर्वी एवढेच बजावले होते की महाजनकीची नोंद चालू ठेव. गोव्यात त्यांचे म्हणून जे काही उरले होते, ते त्या यादीतली एक ओळ. ती आम्ही चहाच्या दोन घोटांमध्ये पुसली होती.

पुढे रीतसर अर्ज झाला. जुन्या पुस्तकात ‘आर’खाली आजोबा सापडले, वांगड जुळला, आणि नातवाचे नाव पुन्हा लागले. टेबलात आता जन्मसालाचा स्तंभ आहे. अक्षरे लहान करावी लागली, म्हाताऱ्या महाजनांची कुरकुर ऐकावी लागते. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी आल्या तर दोन्ही घरी दूरध्वनी केल्याखेरीज आम्ही एकीलाही हात लावीत नाही.

गेल्या माघात बेळगावहून पत्र आले. रामनाथबुवांना मुलगा झाला, बारसे झाले, पेढे पाठविले आहेत. सज्ञान झाल्यावर नोंद करावयाची ती त्या वेळी होईलच, पण वकीलसाहेबांनी आतापासून ध्यानात असू द्यावे. मुलाचे नाव विष्णू. विष्णू रामनाथ ही ओळ आमच्या जुन्या याद्यांत एकदा होतीच, त्याच्या आजोबांची. आम्ही उलट टपाली अभिनंदन कळविले आणि जन्मतारीख मागविली.