उरतं ते

पिपेट रिकामी झाली तरी तिच्या टोकाशी एक थेंब उरतो. तो फुंकून पाडायचा नसतो. टोक फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवायचं, जरा थांबायचं आणि पिपेट उचलून घ्यायची. काचेवर २५ मिलिलिटरची रेघ ज्यानं आखली, त्यानं हा थेंब आधीच हिशेबात धरलेला असतो. त्याला तिथंच राहू देणं हा प्रयोगाचाच भाग आहे.

बीएस्सीच्या निकालानंतर केमिस्ट्रीच्या मुलांमध्ये एमएस्सीला ऑरगॅनिक की ॲनालिटिकल, हीच चर्चा असते. ऑरगॅनिकवाले नवे रेणू घडवतात, त्यांचा रुबाब मोठा. ॲनालिटिकल घेणाऱ्याला घरचे म्हणतात, बरं केलंस, तारापूरच्या नाहीतर महाडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लगेच नोकरी लागेल. नोकरी लागतेही. पण एवढ्यासाठी हा विषय घेतला असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. दोन वर्षं हा विषय आपल्याला उरलेल्या गोष्टींकडे बघायला शिकवतो, आणि असं बघणं इतर कुठं फारसं शिकवलं जात नाही.

सुरुवात हातांपासून होते. तीन रीडिंग जुळली की जर्नलमध्ये सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) लिहून मोकळं व्हायचं, हे बीएस्सीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. इथं सर विचारतात, जुळली म्हणजे कितपत जुळली? ब्युरेटमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे एंड पॉइंट एका थेंबाच्या आत पकडायचा, तर थेंब अर्धा करता आला पाहिजे. कॉक अगदी हलका फिरवून तो तोंडाशी नुसता लटकू द्यायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि डिस्टिल्ड वॉटरच्या धारेनं खाली घ्यायचा. पाण्याचा हार्डनेस काढताना ईडीटीएच्या अशाच एखाद्या अर्ध्या थेंबाला वाइनसारखा लाल रंग निळा होतो. मधे एक जांभळी छटा असते. लाल पूर्ण गेला का, हे त्या छटेत डोळे रोवूनच ठरवावं लागतं. मला या शाखेतलं सगळ्यात सुंदर काही विचारलं, तर लाखो रुपयांच्या एचपीएलसी यंत्राआधी मी ती जांभळी छटा सांगेन.

मग तराजू. काचेच्या दारांआडचा, ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवणारा. त्यावर बोटाच्या ठशालाही वजन असतं, म्हणून बाटली चिमट्यानं किंवा कागदाच्या पट्टीनं धरायची. शेवटचा आकडा स्थिर होईपर्यंत कुणी बोलत नाही. त्या आकड्याचा एवढा मान का, हे लॉर्ड रॅलेची गोष्ट कळल्यावर उमगतं.

रॅले वायूंची घनता मोजत होता. एकाच काचेच्या गोळ्यात त्यानं हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन भरून तोलला, तो सुमारे २.३१० ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन भरला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक जेमतेम अकरा मिलिग्रॅमचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सरासरी काढून पुढं जाणं सोपं होतं. अशाच फरकाबद्दल रॅलेनं १८९२मध्येच ‘नेचर’ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं, हे असं का होतंय? पुढं विल्यम रॅम्से त्याच्या जोडीला आला आणि १८९४मध्ये दोघांनी आर्गॉन जगापुढं मांडला. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का असलेला वायू तोवर कुणाला माहीत नव्हता.

त्याहून मला हलवतो तो हेन्री कॅव्हेंडिश. १७८५मध्ये हवेत विजेच्या ठिणग्या सोडून त्यानं सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला. शेवटी एक बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनच्या १/१२०पेक्षा मोठा नाही, असं त्यानं नोंदवलं. तो काय आहे, हे सांगायचं साधन त्याच्याजवळ नव्हतं. पण तो उरला हे त्यानं लिहून ठेवलं. तो बुडबुडा मुख्यतः आर्गॉनचा होता. शंभराहून अधिक वर्षं तो कागदावर वाट बघत राहिला.

उरलेल्याकडे बघितलं नाही तर काय होतं, हे मुंबईनं पाहिलेलं आहे. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. दोन्ही द्रव बिनरंगाचे, दाट, चवीला गोड. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला ओळखू येणार नाहीत. एकाचं औषध होतं, दुसरा मूत्रपिंडं बंद पाडतो. गॅस क्रोमॅटोग्राफच्या कॉलममध्ये मात्र ते एकत्र राहू शकत नाहीत. डायएथिलीन ग्लायकॉल आधी बाहेर पडतं, ग्लिसरीन मागून येतं, आणि कागदावर दोन वेगळी शिखरं उमटतात. औषधी ग्लिसरिनात या विषाला मुभा आहे ०.१ टक्क्याची. २०२२मध्ये गांबियातल्या लहान मुलांच्या मृत्यूंनंतर पुन्हा याच विषाचं नाव निघालं, आणि तपास भारतात बनलेल्या सिरपपर्यंत आला. पहिल्या वर्षाला ‘लिमिट टेस्ट’ शिकवताना ही नावं वर्गात घेतलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. तो ०.१ कुठल्या बिछान्यांसाठी आहे, हे मुलांना ठाऊक हवं.

सगळ्यात उशिरा कळतं ते अधिक-उण्याचं चिन्ह. आधी ते उत्तरापुढचं शेपूट वाटतं. मग विल्यम हॉर्विट्झचा आलेख समोर येतो. अनेक प्रयोगशाळांनी एकाच नमुन्यावर काम केलं, तर उत्तरांत किती पांगापांग होते, हे या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं गोळा केलं. मोजायचा पदार्थ शंभरपटीनं विरळ झाला, की पांगापांग दुप्पट होते. एक पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आसपास ती सोळा टक्क्यांवर जाते, एक पीपीबीला (अब्जात एक भाग) पंचेचाळीसच्या घरात. चांगल्या माणसांनी, चांगल्या यंत्रांवर, मन लावून काम केलं तरीही. हे वाचून माझा या विषयावरचा विश्वास वाढला. आपल्या आकड्यात किती शंका उरली, तेही जो मोजून सांगतो, त्याच्या आकड्यावर मी औषध घेईन.

भाजीतली कीटकनाशकं, हळदीतलं शिसं, दिवाळीतली हवा, यांचे आकडे आता वर्तमानपत्रात सारखे येतात. शेजारी अधिक-उणं कधी छापलेलं नसतं, ब्लँकचा, म्हणजे नमुन्याशिवाय केलेल्या मोजणीचा, उल्लेख नसतो. मर्यादेपेक्षा जरासा वर म्हणून भीती, जरासा खाली म्हणून निर्धास्तपणा, असं मग चालू राहतं. हे एमएस्सीपर्यंत थांबण्यासारखं नाही. नववीतल्या मुलांच्या हातात ब्युरेट द्यावी, एकच पाणी तिघांना तपासायला सांगावं. तिघांची उत्तरं वेगळी येतील. बाईंनी त्यांतलं एक बरोबर ठरवू नये. तिन्ही फळ्यावर लिहावीत आणि मुलांना विचारावं, आता या पाण्याबद्दल आपल्याला किती सांगता येईल?