नायलॉनच्या तारा

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक जुनी पेटी आहे. वडिलांची कागदपत्रे, जमिनीचे उतारे, एक चष्म्याचे घर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर लांबीची एक लाकडी पट्टी, एवढाच तिच्यातील ऐवज. त्या पट्टीविषयी मी आयुष्यभर कोणापाशी बोललो नव्हतो. गतवर्षी नातीसाठी गिटार घेण्याचा योग आला आणि तो विषय टाळणे अशक्य झाले.

नात तेरा वर्षांची. शाळेतील एका शिक्षिकेकडे ती दोन वर्षे उसन्या गिटारवर बोटे फिरवीत होती. 'हिला आता स्वतःचे वाद्य हवे, आणि ते नायलॉनच्या तारांचे क्लासिकल गिटारच हवे,' असा बाईंचा निरोप आला. मुलगी आणि जावई दोघेही नोकरीत गुंतलेले. निवृत्त माणसाला वेळेची श्रीमंती असते. तेव्हा ही कामगिरी माझ्यावर आली.

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघे वसईहून लोकलने निघालो आणि चर्चगेटला उतरून धोबी तलावाकडे चालू लागलो. वाद्यांच्या दुकानांसाठी हा भाग पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. दुकानात शिरताच भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे पाहून नातीचे डोळे विस्फारले. माझे मन मात्र पन्नास वर्षे मागे गेले.

१९७४ साली मी चौदा वर्षांचा होतो. बोटीवर नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने परदेशातून आणलेली गिटार विकायला काढली. वडिलांनी त्या हंगामातील केळीचे पैसे मोजून ती माझ्यासाठी घेतली. त्या पैशांतून घराची कौले बदलायची होती. ती त्या वर्षी बदलली गेली नाहीत. पावसाळ्यात आई निमूटपणे गळतीखाली पातेली मांडीत असे. ती गिटार नायलॉनच्या तारांची होती. तिचा स्वर गोड पण हळुवार. नाताळ जवळ आला. गावातील मुलांबरोबर घरोघरी गाणी म्हणत फिरायचे होते, आणि इतरांच्या गिटारींपुढे माझ्या गिटारचा आवाज कोणाला ऐकूही येत नव्हता. खाऊचे पैसे साठवून मी मुंबईहून स्टीलच्या तारांचा संच मागवला आणि कोणाला न विचारता माझ्या गिटारला चढवला. काय तो खणखणीत आवाज! दोन दिवस मी हवेत तरंगत होतो. तिसऱ्या रात्री खोलीत नारळ पडावा तसा धाडकन आवाज झाला. तारा जिला बांधलेल्या असतात ती घोडी पाटाच्या लाकडाचा पापुद्रा घेऊनच उपटून आली होती.

मी घाईघाईने पक्कडीने तारा कापल्या आणि कुंपणापलीकडे फेकून दिल्या. सकाळी वडिलांना म्हणालो, "बाबा, खिडकीतल्या उन्हाने सरस सुटला असेल."

वडिलांनी घोडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "असेल."

तेवढेच. गावच्या सुताराने मान हलवली. गिटार माळ्यावर गेली आणि यथावकाश वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली.

तीच चूक पुन्हा घडू नये म्हणून या वेळी मी पुष्कळ वाचून आलो होतो. वाचता वाचता मला कळले, की मी जिला दुबळी समजत होतो ती गिटार दुबळी नव्हतीच. ती वेगळ्या कामासाठी घडवलेली होती. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार ज्यांनी सिद्ध केला ते आन्तोनियो दे तोरेस (१८१७ ते १८९२) हे स्पेनमधील आल्मेरिया येथील कारागीर. गिटारचा स्वर मुख्यतः तिच्या वरच्या पाटातून येतो, हे त्यांनी ओळखले होते. ते दाखविण्यासाठी १८६२ साली त्यांनी एक गिटार अशी केली, की तिचा वरचा पाट तेवढा लाकडाचा आणि बाजू व पाठ चक्क कागदाच्या लगद्याची! ती आजही बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. हा पाट जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा असतो, आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्यांनी त्याला आधार दिलेला असतो. पातळ असतो म्हणूनच तो हळुवार तारेलाही साद देतो.

पूर्वी या तारा मेंढीच्या आतड्यापासून करीत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तशा दोऱ्याची मागणी वाढली आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कमधील वाद्यकारागीर ॲल्बर्ट ऑगस्टीन यांनी थोर स्पॅनिश वादक आन्द्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा सिद्ध केल्या. सहा नायलॉनच्या तारांचा पाटावर पडणारा एकूण ताण सुमारे चाळीस किलोंचा. स्टीलच्या तारांचा ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो. चाळीस किलोंसाठी घडवलेल्या त्या पातळ फळीवर मी हे ओझे लादले होते. तिने दोन दिवस सोसले, हेच नवल म्हणायचे.

दुकानातील एका वयस्क गृहस्थांनी आमच्यापुढे चार गिटारी मांडल्या. त्यांची परीक्षा करण्याची रीत पाहण्यासारखी होती. प्रथम त्यांनी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून बंदुकीच्या नळीतून पाहावे तशी तिची मान पाहिली. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवली. कोठे खरखर येते का हे ऐकत राहिले. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते पाहिले. तीन-चार मिलिमीटरपेक्षा फार अधिक असेल, तर शिकणाऱ्याची बोटे दुखून येतात. पाट अखंड लाकडाचा आहे की प्लायचा, हे ओळखण्याची खूणही त्यांनी नातीला दाखवली. मधल्या गोल छिद्राच्या कडेशी पाहावे. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरत असतील तर पाट अखंड. कडेत थरांवर थर दिसले तर प्लाय. अखंड पाटाचा स्वर वाजवत गेल्यावर वर्षागणिक खुलतो. प्लायला ते फारसे साधत नाही; पण तो हवामान अधिक सोसतो आणि खिशालाही सोसतो.

फिकट पाटाची स्प्रूसची, तांबूस पाटाची सीडरची. स्प्रूसचा स्वर स्वच्छ, सीडरचा उबदार. तिसऱ्या गिटारची पाठ काळसर जांभळ्या रेषांची होती. मी विचारले तर ते गृहस्थ म्हणाले, "आपलाच काळा शिसव." माझ्या आजीचा पलंग त्याच लाकडाचा होता! १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली, आणि आपल्या सह्याद्रीतही वाढणारा हा शिसव जगभरच्या गिटारींच्या पाठीशी उभा राहिला. परदेशी म्हणून ज्या वाद्याकडे पाहिले, त्याच्या अंगात आपल्या रानातले लाकूड निघावे, याची मोठी मौज वाटली.

नातीने सीडरची गिटार मांडीवर घेतली. क्लासिकल गिटारची मान रुंद असते, सुमारे बावन्न मिलिमीटर. तरी तिची करंगळी शेवटच्या तारेपर्यंत पोचत होती. तिने शिकलेली एक लहानशी धून वाजवली. पण तिचे लक्ष सारखे पलीकडच्या भिंतीवरील चकचकीत, निळ्या, स्टीलच्या तारांच्या गिटारकडे जात होते. अखेर ती हळूच म्हणाली, "आजोबा, ही घेऊ, पण हिला स्टीलच्या तारा लावू. म्हणजे मोठ्यानेही वाजेल. बाईंना कशाला सांगायचं?"

मी क्षणभर काही बोललोच नाही. मग दुकानातल्या त्या स्टुलावर बसून, त्या अनोळखी गृहस्थांच्या समोरच, मी तिला १९७४ सालची हकिकत सांगितली. उन्हाचे सांगितले ते खोटे होते, हेही सांगितले. आणि १९९८ साली वडील वारल्यानंतर पेटी उघडली तेव्हा काय दिसले, तेही सांगितले. वर्तमानपत्रातून ती घोडी निघाली. तिच्या दोन छिद्रांत कापलेल्या तारांची टोके पितळी छल्ल्यांसकट तशीच अडकलेली होती. नायलॉनच्या तारा घोडीला गाठ मारून बांधतात. छल्ला असतो तो स्टीलच्या तारेला. वडिलांनी त्या सकाळी घोडी उलटसुलट केली, तेव्हाच त्यांनी ते छल्ले पाहिले असणार. चोवीस वर्षे त्यांना ठाऊक होते. चोवीस वर्षे ते वाट पाहत होते की काय, कोण जाणे.

"मग तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाहीत?"

"नाही."

नात काही बोलली नाही. तिने पुन्हा तीच धून वाजवली. या वेळी भिंतीकडे पाहिले नाही.

अखंड पाटाच्या त्या गिटारची किंमत प्लायच्या गिटारच्या दुपटीहून अधिक होती. मी योजलेल्या रकमेपेक्षाही ती बरीच जास्त होती. मला कौलांची आठवण झाली. मी पैसे मोजण्यापूर्वी खिशातील लोकलचे तिकीट काढून त्याची कड घोडीच्या चारी बाजूंनी फटीत शिरते का ते तपासले. कोठेही शिरली नाही. ते गृहस्थ हसले, म्हणाले, "काका, ही पुरती चिकटलेली आहे. तुम्ही फक्त तारा नायलॉनच्या ठेवा."

घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस नातीची चिडचिड झाली. नव्या नायलॉनच्या तारा ताणत राहतात. सकाळी जुळवावी तो संध्याकाळी गिटार उतरलेली. रोज जुळवत राहणे एवढाच त्याला उपाय. हळूहळू तारा स्थिरावल्या.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ती गिटार घेऊन माझ्याकडे आली. पाटाच्या कडेला नखाएवढा खळगा पडला होता. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "आजोबा, माझ्या हातून पडली. मी पलंगावर नीट ठेवली नव्हती."

मी चष्मा लावून खळगा पाहिला. सहाही तारा एकामागून एक छेडल्या.

"स्वर बदलला का?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो, "जरासुद्धा नाही."

त्या रात्री मी माळ्यावरची पेटी खाली काढली. वर्तमानपत्र पिवळे पडले आहे, पण छल्ले अजून चकाकतात. पट्टी तशीच गुंडाळून मी परत ठेवली. वडिलांना जे सांगायचे राहिले ते आता त्यांना सांगता येणार नाही. पण पलीकडच्या खोलीत नात वाजवीत होती. हळुवार, आणि तरीही भिंतीपलीकडे ऐकू येईल इतके.