जुळ्यांचा श्वास

दोन जिवांचा संसार म्हटला की कुरबुर आलीच. दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचेही तसेच आहे. २०१८ साली बाजारात आलेली ६४८ सीसीची इंटरसेप्टर घ्या. सिलिंडर दोन, आणि प्रत्येकाला हवा पुरवणारी थ्रॉटल बॉडी वेगळी. एकीची झडप केसभर अधिक उघडी राहिली, की गाडी उभ्या जागी थरथरते, इंजिन अडखळते. भरधाव वेगात मात्र झडपा सताड उघडतात; तिथे केसभराची काय मातब्बरी?

मग ही जुळणी दर सर्व्हिसिंगला करावी काय? माझा धाकटा भाऊ म्हणतो, करावीच. आमचे मिस्त्री हसतात. "गुरुजी, आधी टॅपेट पाहावेत. मग गेज लावून दोन्हीकडची ओढ मोजावी. काटे जुळलेले असले, तर स्क्रूला उगाच हात कशाला?"

मला हे पटते. नाडी नेमाने पाहावी; औषध मात्र दुखणे असेल तरच द्यावे.

भावाच्या नव्या संसाराबाबतही आम्ही उभयता हाच नेम पाळतो. अधूनमधून जातो, विचारपूस करतो. काटे जुळलेले दिसले, की चहा घेऊन मुकाट्याने परततो.