ब्रेटन वूड्सचा लाल छपरांचा महाल

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समधली क्रॉफर्ड नॉचची खिंड मागे पडली, की झाडी एकदम विरळ होते आणि समोरचा तो पांढराशुभ्र पसारा पाहून बोलणंच खुंटतं. लाल छपरं, अष्टकोनी मनोरे, पाठीशी ६,२८८ फुटांचा माउंट वॉशिंग्टन. याच डोंगराच्या माथ्यावर १९३४ च्या एप्रिलमध्ये ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला. त्याच्या पायथ्याशी एवढं चैनीचं हॉटेल उभारायची हिंमत कुणी केली असेल?

केली जोसेफ स्टिकनीने. कोळसा आणि रेल्वेच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेला हा माणूस. चार्ल्स गिफर्डने आराखडा काढला, अडीचशे इटालियन कारागीर राबले आणि १९०२ मध्ये माउंट वॉशिंग्टन हॉटेल सुरू झालं. पुढच्याच वर्षी स्टिकनी वारला. धनिक मंडळी उन्हाळ्यात नोकरचाकर, पेट्यांसह आगगाडीने इथे येत आणि थंडीच्या आधी परतत. हिवाळ्यात हॉटेल उघडं राहू लागलं ते थेट १९९९ पासून!

लांबच लांब व्हरांड्यावर कितीतरी वेळ रेंगाळलो. पण पाय खिळले ते गोल्ड रूमपाशी. दिवाणखान्याएवढी ही खोली, मधोमध गोल टेबल. १९४४ च्या जुलैत जगाच्या पैशाचे नवे करार झाले ते इथे.

युद्धामुळे हॉटेल दोन वर्षं बंद होतं, तरी ब्रेटन वूड्स परिषदेसाठी तेच निवडलं गेलं. ब्रिटनचा अर्थतज्ज्ञ केन्स याचं हृदय दुबळं, अमेरिकेच्या राजधानीतला जुलैचा उकाडा त्याला नको होता; शिवाय न्यू हॅम्पशरचे सिनेटर टोबी यांची मर्जीही सांभाळायची होती. घाईघाईने डागडुजी झाली आणि ४४ देशांचे सातशेवर प्रतिनिधी इथे दाटीवाटीने राहिले. त्यांच्या चर्चेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या.

त्या गर्दीत आपले चिंतामणराव देशमुखही होते, या विचाराने मला भरून आलं. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, मेघदूत मराठीत आणणारे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख मात्र इंग्रज, सर जेरेमी रेझमन. तरीही देशमुख, शण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी गरीब देशांची बाजू नेटाने मांडली. युद्धासाठी हिंदुस्थानातून उचललेल्या मालाचे कोट्यवधी पौंड ब्रिटनकडे अडकले होते. या पैशांचा प्रश्न परिषदेत सोडवा, ही हिंदुस्थानची मागणी ब्रिटनने धुडकावली. बंगालात माणसं उपासमारीने मेल्याला वर्षही उलटलं नव्हतं. त्या नकाराची चीड मला आजही येते.

नाणेनिधीच्या वाट्यात हिंदुस्थान सहावा ठरला. सोव्हिएत संघ बाहेर राहिल्याने पाचवा झाला, आणि पहिल्या पाचांची जागा ठरलेली असल्याने १९४६ च्या मे महिन्यात कार्यकारी मंडळ पहिल्यांदा बसलं तेव्हा, स्वातंत्र्याला वर्षाहून अधिक अवकाश असतानाच, पारतंत्र्यातल्या या देशाला तिथे हक्काची खुर्ची मिळाली.