बंद भट्टीजवळ

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, उकळत्या पाण्याच्या. इंधन बदलायचं तर त्या थांबवाव्याच लागतात. शेजारच्या जड पाण्याच्या दोन भट्ट्या चालू असतानाच इंधन घेतात.

बंद झालेली भट्टी थंड नसते, हे मनातून जात नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी विखंडनातून उरलेली द्रव्यं तापतच राहतात. म्हणून झाकण काढल्यावर वरची पोकळी पाण्याने भरायची आणि इंधनाचे जुडगे पाण्याखालूनच हलवायचे. नुकत्याच काढलेल्या इंधनाभोवती निळसर प्रभा असते. सुंदर; पण पाण्याचा थर नसता तर ते इंधन जीवघेणं.

झडपा, टर्बाइन, वेल्डिंगचे सांधे यांची तपासणीही भट्टी बंद असतानाच्या याच काळात. छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा डोसिमीटर लावून, मोजक्या मिनिटांत काम उरकून बाहेर येणाऱ्या फिटर-वेल्डरांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.