नांगराची निशाणी

वडिलांच्या मागें वांटणी झाली तेव्हां विहिरीकडचें शेत भावानें घेतलें, घर मीं घेतलें, आणि माळ्यावरचें दप्तर मात्र कोणींच मागितलें नाहीं. सारे कागद मोडी. तें वाचूं शकणारे घरांतले शेवटचे गृहस्थ म्हणजे आजोबा. घरांतल्या पालींप्रमाणें तेंहि घराबरोबरच माझ्याकडे आलें.

नोकरींतून मोकळा झाल्यावर मी मोडी शिकलों. या लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, दोन शब्दांत जागा सोडण्याचा शिरस्ता नाहीं. डोक्यावरची रेघ आधीं ओढावयाची आणि तिच्याखालून लेखणी धांवत सुटावयाची. एकेका शब्दापाशीं मी दिवसचे दिवस अडून बसें. मनांत आशा मात्र मोठी : एखादी सनद निघेल, निदान एखाद्या पेशव्याचें नांव तरी! घराण्याविषयीं मुलांना जें सांगत आलों, त्याला कांहीं आधार नको का?

निघालीं तीं कर्जखतें. पहिलें लागलें तें शके १७९५ चें, म्हणजे इसवी सन १८७३ चें. रुपये चाळीस, व्याज दरमहा शेंकडा दोन, तारण विहिरीकडचें शेत. खालीं ऋणकोचें नांव दुसऱ्याच्या हातचें, आणि शेजारीं एक वेडावांकडा नांगर. निरक्षर कुणबी सहीऐवजीं नांगराची निशाणी करी, हें पुस्तकांत वाचलें होतें. येथें त्या फाळाचें टोंक कागदांत रुतलेलें दिसत होतें. पुढच्या चार कागदांत व्याजाचें मुद्दल झालें आणि मुद्दलाचें शेत. त्या शेतांतले पेरू आम्हीं लहानपणीं हक्कानें खाल्ले आहेत.

१२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुप्याचे शेतकरी उठले आणि सावकारांचीं खतें त्यांनीं जाळलीं. दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जेथें खतें मुकाट्यानें हातीं दिलीं, तेथें माणसांना सहसा इजा झाली नाहीं. राग कागदावर होता. १८७९ च्या कायद्यानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सुपें आमच्या गांवापासून दूर नाहीं. तरी आमचें दप्तर वांचलें, याला आजोबा देवाची कृपा म्हणत. त्यांना मोडी येत होती, हें आतां वारंवार आठवतें.

त्या नांगराच्या धन्याच्या घरचा माणूस आजहि गांवांत आहे. बाजाराला जातांना ओसरीवर टेकतो, "नाना, बरं हाय नव्हं?" म्हणून विचारतो. गेल्या खेपेस दप्तर उघडेंच होतें.

"काय वाचताय एवढं?"

"जुने हिशेब," मी म्हणालों आणि रुमालाची गांठ मारली.

परवां त्या पांचहि कागदांची बाळबोध नक्कल मीं मोठ्या अक्षरांत केली. भावाला अजून कळविलेलें नाहीं. उद्यां बाजार आहे.