आत्याची वही आणि एमिलीच्या रेघा



गेल्या आठवड्यात इथे रामबागेतल्या जुन्या वाड्यांच्या आठवणी वाचल्या आणि आमची आत्या डोळ्यासमोर उभी राहिली. तिच्याबाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती मी घरात कधी धड सांगितली नाही. आज लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, मध्ये एक अमेरिकन कवयित्रीही येणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आत्या फार लवकर विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. इंदूरमध्ये राहून राजवाडा तिने किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. स्वयंपाकघर, देवघर, अंगण, एवढंच तिचं जग. पण तिच्याकडे एक वही होती. पुढून दूध आणि धोब्याचा हिशोब, मागून तिच्या ओळी. वही संपली की कॅलेंडरचा मागचा कागद, किराण्याची पुडी, मिळेल त्यावर. स्वल्पविराम वगैरे काही नाही. श्वास थांबला की पोथीत असतो तसा उभा दंड द्यायचा आणि पुढे जायचं.

१९७८ साली मी बी.ए. ला होते. आपल्या एका मंडळाची स्मरणिका निघणार होती. मी आत्याला न विचारता वहीतून चार कविता उतरवून घेतल्या आणि "नीट" केल्या. त्यातल्या दोन ओळी मला पाठ आहेत, कारण गहू निवडताना ती त्याच गुणगुणायची:

दार उघडे । माझे नाही घर ।
अंगण तेवढे । चार पावले दूर ।

मला वाटलं, "घर" आणि "दूर" हे काय यमक झालं? शिवाय "माझे नाही घर" छापलं तर बाबांना काय वाटेल, लोक काय म्हणतील? मग मी दंड काढले, स्वल्पविराम घातले, वर "माझे अंगण" असं शीर्षक दिलं आणि ओळी केल्या, "दार उघडे, माझे हे घर, अंगण माझे किती सुंदर!" शेवटी उद्गारचिन्हसुद्धा!

स्मरणिका आली तेव्हा मोठ्या कौतुकाने पान उघडून आत्याच्या हातात दिली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, "छान छापलंय गं. कुणाचं आहे?"

"अगं आत्या, तुझंच!"

"हो का," म्हणाली, आणि अंक माझ्या हातात देऊन पोळ्या करायला गेली. मला वाटलं, लाजली.

१९८३ ला आत्या गेली. दोन वर्षांनी वाडा रिकामा करायचा होता. कोण काय बांधून राहिलंय, कोणाला पत्ता नव्हता. हिशोबाच्या वह्यांचा गठ्ठा रद्दीत गेला, त्यात तीही वही. मी तिथेच उभी होते. मनात म्हटलं, कविता तर छापून ठेवल्याच आहेत.

पुढे लग्नानंतर प्रायव्हेट एम.ए. केलं, इंग्रजी घेऊन. अभ्यासाला एमिली डिकिन्सन होती. लायब्ररीतून तिची दोन पुस्तकं आणली, एक जुन्या पाठाचं, एक नव्या. एकच कविता दोन्हीकडे काढली तर दोन वेगळ्या बायकांनी लिहिल्यासारखी. एकीकडे शीर्षक, स्वल्पविराम, गोळीबंद यमक. दुसरीकडे शीर्षक नाही, यमक अर्धवट, आणि जागोजागी आडव्या रेघा. मला काही कळेना, म्हणून प्रस्तावना वाचली आणि हात गार पडले.

ही बाई १८३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला जन्मली, १८८६ मध्ये तिथेच गेली. लग्न केलं नाही, आणि उत्तरायुष्यात वडिलांच्या घराबाहेर जवळपास पडलीच नाही. कविता मात्र सुमारे अठराशे! हयातीत त्यातल्या दहा-एक छापल्या गेल्या, त्याही बहुतेक निनावी आणि कुणीतरी हात फिरवलेल्या. मृत्यूनंतर धाकट्या बहिणीला, लाव्हिनियाला, तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या छोट्या वह्या सापडल्या. अशा चाळीस वह्या जुळवता आल्या आहेत. शिवाय जुन्या पाकिटांच्या मागेही तिने लिहिलेलं होतं.

तिची घडण साधी. चर्चमध्ये गायच्या स्तोत्रांची चाल, साधारण आठ, सहा, आठ, सहा अक्षरांची. आपल्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार असतं ना, तसंच कानात बसलेलं माप. पण चाल घरची असली तरी आत ती मनाचं करायची. ओळ ऐन भरात आली की रेघ. वाक्याच्या मध्येच एखाद्या शब्दाला मोठं अक्षर. यमक जवळ येऊन निसटलेलं, म्हणजे "घर" आणि "दूर" सारखंच. कधी एखाद्या शब्दावर बारीक अधिकचं चिन्ह करून खाली दोन-तीन पर्यायी शब्द लिहायचे आणि कुठला खरा ते ठरवायचंच नाही.

१८९० मध्ये पहिला संग्रह निघाला. मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन हे संपादक. त्यांनी रेघा काढल्या, काही ठिकाणी यमकं जुळवली, शब्द बदलले, बऱ्याच कवितांना शीर्षकं दिली. दुष्टपणाने नव्हे. ते दोघं नसते तर कदाचित कविता लोकांपर्यंत पोचल्याच नसत्या. लोकांना रुचावं म्हणून केलं. मीही तेच केलं होतं.

फरक एवढाच की तिचे हस्तलिखित कागद टिकले. म्हणून १९५५ मध्ये थॉमस जॉन्सन यांना ते समोर ठेवून तीन खंडांत तिच्या रेघांसकट कविता छापता आल्या. पासष्ट वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त झाली. आत्याची वही मात्र मी रद्दीवाल्याच्या तराजूत जाताना पाहिली आहे.

तेव्हा कळलं, "कुणाचं आहे" हे तिने लाजून विचारलं नव्हतं. तिला खरंच ओळखू आलं नव्हतं. "माझे नाही घर" हे आयुष्यात एकदाच कुठेतरी तिने स्पष्ट लिहिलं होतं, आणि तेवढंच मी नेमकं खोडलं.

आता माझ्याकडे त्या दोनच ओळी आहेत. वर लिहिल्या आहेत, दंडांसकट. बाकी तीन कविता स्मरणिकेत आहेत, पण त्यात आत्या किती आणि मी किती, ते मलाही सांगता येत नाही.

तुमच्या घरी आजी, आत्या, मावशीची अशी वही असेल, तर आधी हिशोबाच्या पानांसकट फोटो काढून ठेवा. इथे टाकलीत तर चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ असेल तसंच टाका. मी वाचीन.